‘चाळीस टक्के भरत नाहीत’ म्हणून लेखनिक नाकारला

प्रश्न: मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हाताच्या स्नायूंच्या आजारामुळे दहा मिनिटं लिहिलं की बोटं आखडतात, पेन निसटतं. प्रमाणपत्रावर ३० टक्के दिव्यांगत्व आहे. परीक्षा विभागाच्या खिडकीवर ‘४० टक्के भरत नाहीत, लेखनिक मिळणार नाही’ असं सांगून परत पाठवलं. परीक्षा पाच आठवड्यांवर आहे. काय करू?

उत्तर: खिडकीवर गल्लत झाली आहे, आणि ही गल्लत जुनीच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधली ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. परीक्षेतला वाढीव वेळ आणि लेखनिक कलम १७ मध्ये येतात, आणि तिथे शब्द आहेत ‘दिव्यांग विद्यार्थी’. टक्केवारीचा उल्लेखही नाही. संघ लोकसेवा आयोगाने ४० टक्क्यांचं हेच कारण पुढे केलं होतं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराच्या त्या प्रकरणात, म्हणजे विकास कुमार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ते फेटाळलं. पुढे १० ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच काढली.

तुमची खरी कच्ची बाजू कागदाची आहे. तुमच्या प्रमाणपत्रात टक्के आहेत, पण ‘लिहिता येत नाही’ हे कुठेच नाही. टक्केवारी वाढवून मिळते का, या फंदात पडू नका. त्या तत्त्वांसोबतच्या नमुन्यात, लेखनातली अडचण स्पष्ट नोंदवणारं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून घ्या. तिथल्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून याच आठवड्यात जा.

अर्ज मात्र प्रमाणपत्रासाठी थांबवू नका. परीक्षा नियंत्रकांच्या नावे द्या, प्रत प्राचार्यांना. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास वाढीव वेळ, असं नेमकं मागा. वरचा निकाल जोडा. आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा आणि नकार द्यायचाच असेल तर लेखी मागा. तोंडी नकार देणारे लेखी द्यायची वेळ आली की बहुधा फाईल पुन्हा उघडतात, हा माझा अनुभव.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. फक्त, आयुक्तांच्या शिफारशीवर काय केलं हे कळवायला विद्यापीठाला कायद्यानेच ३ महिने मिळतात, आणि तोवर तुमची परीक्षा उरकलेली असेल. त्यामुळे लेखी नकार हातात पडला, किंवा परीक्षा दोन आठवड्यांवर येऊनही कुणी बोललंच नाही, तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी संस्थेविरुद्ध हक्कासाठीचा अर्ज) करून अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागा. फी परवडत नसेल तर तिथल्या विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.