वाटणी कागदावर आणा, कारणासकट

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मुलं नऊ आणि पाच वर्षांची आहेत. सासू-सासरे वाईजवळच्या गावी असतात. धाकटे दीर तिथली शेती बघतात, नणंद पुण्यात असते. मृत्युपत्राचा विषय काढला की नवरा म्हणतो, "हे अभद्र आत्ताच कशाला?" आणि सासरे म्हणतात, "भाऊ-भाऊ बघून घेतील." मला मात्र झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?

ताई, तुमची झोप उडाली आहे ती योग्य कारणासाठीच. उत्तराची सुरुवात मी तुमच्याच काउंटीतून करते. फेअरफॅक्सच्या कोर्टाच्या दप्तरात एका शेतकऱ्याचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं मृत्युपत्र आजही जपून ठेवलेलं आहे. शेतकरी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्षपद सोडून ते माउंट व्हर्ननच्या शेतीवर परतले आणि जुलै १७९९ मध्ये २९ पानं लिहून काढली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला ते गेले. मुलाबाळांना गावची शाळा दाखवावी तसं हे मृत्युपत्र दाखवावं, इतकं त्यात शिकण्यासारखं आहे. त्यात वेदनाही आहे, आणि ती एका न लिहिलेल्या कागदामुळे आलेली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करते.

वॉशिंग्टनांच्या पत्नी मार्था यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये वारले. मोठे जमीनदार होते, पण मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मार्था तेव्हा २६ वर्षांच्या, पदरात दोन लहान मुलं. मग त्या काळच्या व्हर्जिनियाच्या कायद्यानं वाटणी केली : विधवेला तिसरा हिस्सा, तोही फक्त हयातीपुरता, आणि बाकी सगळं मुलांचं. जमिनीबरोबर गुलामीत ठेवलेली माणसंही त्या हिश्शात मोजली गेली. दीड वर्षानं मार्थांनी वॉशिंग्टनांशी लग्न केलं आणि हा हिस्सा माउंट व्हर्ननला आला. तो सांभाळण्याचा, वापरण्याचा अधिकार वॉशिंग्टनांना मिळाला. त्यातलं काही विकण्याचा किंवा कुणाला मुक्त करण्याचा मात्र नाही.

आयुष्यभर माणसांच्या गुलामीवर शेती केलेल्या या गृहस्थांनी शेवटी आपल्या मालकीच्या सर्वांना मुक्त करायचं ठरवलं. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ माणसं गुलामीत होती. त्यांतली १२३ त्यांची स्वतःची आणि १५३ कस्टिसांच्या हिश्शातली. उरलेली दुसऱ्यांकडून भाड्यानं आणलेली. या दोन गटांत लग्नं झाली होती. नवरा एका हिश्शातला, बायको दुसऱ्या. मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं आहे की पत्नीच्या हयातीतच यांना मुक्त केलं तर या नात्यांमुळे फार क्लेश होतील, म्हणून मुक्ती तिच्या पश्चात मिळावी. एकट्या विल्यम ली या त्यांच्या जुन्या सेवकाला तत्काळ मुक्ती आणि वर्षाला ३० डॉलर तहहयात दिले.

आपल्या मरणावर शंभराहून जास्त माणसांची सुटका टांगलेली आहे, ही जाणीव घेऊन मार्था त्या घरात एक वर्ष राहिल्या. १ जानेवारी १८०१ ला त्यांनी पतीच्या हिश्शातल्या सर्वांना मुक्त केलं. कस्टिसांच्या हिश्शातल्यांना मुक्त करणं त्यांच्याही हातात नव्हतं. १८०२ च्या मे महिन्यात मार्था वारल्या आणि ती माणसं त्यांच्या चार नातवंडांत वाटली गेली. संसार मोडले, मुलं आईबापांपासून तुटली. मूळ पाप गुलामीचं, यात शंका नाही. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसानं दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून पुढच्या पिढीला इच्छा असूनही काही करता आलं नाही, हेही तितकंच खरं.

आता तुमच्या वाईच्या जमिनीकडे येऊ. सासऱ्यांना आधी हे विचारा की त्यांचं स्वतःचं किती आहे. स्वकष्टानं घेतलेली जमीन ते हवी त्याला देऊ शकतात. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मृत्युपत्र फक्त आपल्या वाट्याचं करता येतं. आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तिथे नणंदेचाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. "भाऊ-भाऊ बघून घेतील" या वाक्यात बहीण कुठेच नाही, हे सासऱ्यांच्या लक्षात प्रेमानं आणून द्या. तिला हिस्सा नको असेल तर तिनं स्वखुशीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. राखीपौर्णिमेला ओवाळणी घालून सही घेणं मला मुळीच पसंत नाही.

शेती बघणाऱ्या दिरांबद्दल वॉशिंग्टनांचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. राहतं घर आणि भोवतालची सुमारे ४,००० एकर जमीन मार्थांच्या पश्चात पुतण्या बुशरॉड यांना दिली, आणि तिथेच कारण लिहिलं : तरुणपणी मी लढाईवर असताना याच्या वडिलांनी माझी शेती सांभाळली, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की मी तिथेच पडलो तर माउंट व्हर्नन तुझं. वॉशिंग्टन लढाईत पडले नाहीत, भाऊ आधी गेला, तरी चाळीस वर्षांनी त्या शब्दाची आठवण कागदावर आली. मार्थांच्या नातवंडांना आणि दुसऱ्या एका पुतण्याच्या मुलांना जमिनी दिल्या, तिथेही कारणं दिली. उरलेल्या इस्टेटीचे २३ वाटे केले. इतके वारस असताना प्रत्येकाला कळतं की अमक्याला जास्त का. तुमचे दीर पहाटे मोटर चालू करायला उठतात, आईवडिलांना दवाखान्यात नेतात. त्यांना चार गुंठे जास्त द्यायचे असतील तर सासऱ्यांनी तसं लिहावं आणि का तेही लिहावं. तुमच्या यजमानांना ते वाचून वाईट वाटणार नाही, उलट थोरला भाऊ म्हणून त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

एक गोष्ट मात्र वॉशिंग्टनांसारखी करू नका. त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदारांच्या सह्या नाहीत. सगळं स्वहस्ते लिहिलेलं असल्यामुळे व्हर्जिनियात ते चाललं. तारखेत 'नव्याण्णव'ऐवजी नुसतं 'नव्वद' पडलं होतं, तेही निभावलं, कारण शेजारी स्वातंत्र्याचं चोविसावं वर्ष असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच, आणि त्या दोघांपैकी कुणाला मृत्युपत्रातून काही मिळणार नसावं. नोंदणी सक्तीची नाही, पण सासऱ्यांच्या वयाकडे बघता करून घ्या. भारतातल्या स्थावराला भारताचाच कायदा लागतो, मग मालक कुठेही राहत असो. म्हणून तुमच्या नावावर तिकडे फ्लॅट असेल तर त्याचं वेगळं मृत्युपत्र करा, आणि अमेरिकेतलं करताना 'आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' या ठरावीक ओळीनं ते उडणार नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्या.

यजमानांना मरणाची भीती वाटत असेल तर संपत्तीचं बोलूच नका, मुलांचं बोला. तुम्हा दोघांनाही एकाच वेळी काही झालं तर नऊ आणि पाच वर्षांच्या लेकरांना कोण सांभाळणार, हे लिहिलेलं नसेल तर तिथलं कोर्ट ठरवतं. नातलग वाई-पुण्यात आणि कोर्ट फेअरफॅक्समध्ये, अशा वेळी मधले आठवडे मुलं कुणाकडे राहतील? जवळ राहणारी एखादी मैत्रीण तात्पुरती पालक, आणि कायमचे पालक कोण, अशी दोन्ही नावं लिहा, त्यांना आधी विचारून. निवृत्तीच्या खात्यांवर लाभार्थी म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा. तो पैसा मृत्युपत्राप्रमाणे नव्हे, त्या नावाप्रमाणे जातो. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून सासूबाईंचंच नाव असलेली घरं मी पाहिली आहेत.

भांडणाची धास्ती असेल तर वॉशिंग्टनांनी एक सोय करून ठेवली होती, ती आपल्या गावपंचांच्या जवळची आहे. वाद झालाच तर दोन्ही बाजूंनी एकेक निःपक्षपाती, शहाणा माणूस निवडावा, त्या दोघांनी तिसरा निवडावा, आणि तिघांचा निर्णय अखेरचा. भारतात वारसांवर असं बंधन कितपत टिकेल ते वकील सांगेल. पण कोर्टाची पायरी चढण्याआधी अमुक मामांकडे बसा, एवढं सासऱ्यांनी लिहिलं तरी मुलं ते मोडायला धजणार नाहीत.

शेवटच्या दिवशी वॉशिंग्टनांनी मार्थांना दोन मृत्युपत्रं आणायला सांगितली, एक पाहून म्हणाले हे आता निरुपयोगी, आणि ते जाळायला लावलं. तुम्ही तितकी वेळ येऊ देऊ नका. नवीन सही झाली की जुनं त्याच दिवशी फाडा, आणि मूळ प्रत कुठे आहे ते दिरांना आणि नणंदेला दोघांनाही सांगून ठेवा.

येत्या रविवारी गावी फोन कराल तेव्हा मृत्युपत्र हा शब्दही काढू नका. सासऱ्यांना एवढंच म्हणा, "बाबा, सातबाऱ्यावर सध्या कुणाकुणाची नावं आहेत, एकदा वाचून दाखवता का?" वाचताना ते स्वतःच कुठेतरी थांबतील. तिथून पुढचं बोलणं नवऱ्यावर सोपवा.