कमिशन देय कधी झालं, ते आधी ठरवा

तुमचं पत्र नऊ पानांचं आहे. त्यातली सात पानं मॅनेजरने ग्रुपवर केलेल्या अपमानांची, वर्षाच्या मधोमध वाढवलेल्या टार्गेटची आणि रात्री अकराला लावलेल्या कॉलची आहेत. ज्या एका मेलवर तुमचे साडेपाच लाख रुपये अवलंबून आहेत, तो आठव्या पानावर दीड ओळीत येतो: ‘शिवाय अकाउंट्सकडूनही एकदा उत्तर आलं होतं.’ विक्रीच्या नोकरीत कमिशन अडकलेल्यांची पत्रं बहुतेक अशीच असतात. अपमान आधी आठवतो, तारीख शेवटी. कोर्ट मात्र तारखेपासून सुरुवात करतं.

इतर वाचकांसाठी हकिगत थोडक्यात सांगते. यंत्रं विकणाऱ्या कंपनीत असताना तुम्ही तीन मोठ्या ऑर्डर आणल्या: जुलै २०२२, डिसेंबर २०२२ आणि मे २०२३. कमिशन अनुक्रमे १,९०,०००, २,४०,००० आणि १,२०,००० रुपये. एकही रक्कम मिळाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तुम्ही राजीनामा दिलात, फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाच्या, कागदावर सही केलीत आणि नंतर वाट पाहिलीत. नऊ महिने कामगार कार्यालयाच्या फेऱ्या मारल्यात. आता, जानेवारी २०२६ मध्ये, इंटरनेटवरच्या नमुन्यावरून नोटीस तयार केली आहे आणि ती पाठवू का, असं विचारता आहात.

ती नोटीस आहे तशी पाठवू नका.

तुमच्या मसुद्यातलं दुसरंच वाक्य असं आहे: ‘सदर कमिशन ऑर्डर मिळाल्याच्या दिवशीच देय झाले असून त्या तारखेपासून १८ टक्के व्याजासह द्यावे.’ पैसे मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्यानुसार, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टनुसार, तीन वर्षं मिळतात आणि ती रक्कम देय झाल्यापासून मोजली जातात. ऑर्डरच्या दिवशीच कमिशन देय झालं, असं तुम्हीच लिहिलंत तर पहिल्या ऑर्डरची मुदत जुलै २०२५ मध्ये संपली, दुसरीची डिसेंबर २०२५ मध्ये. चार-पाच महिन्यांच्या जास्तीच्या व्याजासाठी तुम्ही सव्वाचार लाखांहून अधिक मुद्दल स्वतःच्या हाताने धोक्यात घालता आहात. कंपनीच्या वकिलाला तुमची नोटीस कोर्टापुढे ठेवण्यापलीकडे काही करावं लागणार नाही.

आणि ते विधान खरंही नाही. तुम्ही जोडलेल्या इन्सेन्टिव्ह पॉलिसीच्या चौथ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं आहे की ग्राहकाचं पूर्ण पेमेंट कंपनीच्या खात्यात आल्यावर पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर कमिशन दिलं जाईल. हाच परिच्छेद तुमचा सगळा दावा ठरवतो. यानुसार पहिल्या ऑर्डरचे पैसे नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, म्हणून कमिशन डिसेंबर २०२२ अखेर देय झालं. दुसरीचे मार्च २०२३ मध्ये, म्हणजे एप्रिल अखेर. तिसरीचे सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर अखेर. प्रत्येक ऑर्डरची तीन वर्षं वेगळी चालतात. शेवटच्या ऑर्डरपासून सगळी एकत्र मोजता येत नाहीत. पहिलीची मुदत डिसेंबरअखेर संपली. तुमचं पत्र मला त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात मिळालं. दुसरीला एप्रिलपर्यंतच वेळ आहे.

इथे तो मेल कामाला येतो. मार्च २०२४ मध्ये अकाउंट्सच्या प्रमुखांनी तुम्हाला लिहिलं: ‘आपल्या तिन्ही ऑर्डरचे कमिशन संचालकांच्या मंजुरीअभावी प्रलंबित आहे.’ मुदत कायद्याचं कलम १८ सांगतं की मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने, देणं असल्याची लेखी आणि सहीनिशी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजायची. हा मेल तिन्ही मुदती चालू असताना आलेला आहे. तो कबुली म्हणून टिकला तर पहिल्या ऑर्डरसकट सगळ्याला मार्च २०२७ पर्यंत वेळ मिळतो. ‘पैसे द्यायची वेळ अजून आलेली नाही’ असं लिहिलं, इतकंच काय, ‘बाकी आहे पण देणार नाही’ असं लिहिलं, तरी कलम १८ खाली ती कबुली ठरू शकते. लोकांना हे माहीत नसतं आणि नकाराचे मेल ते रागाच्या भरात पुसून टाकतात.

मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांवर तुमची मोठी भिस्त दिसते. ‘बघतो’, ‘पुढच्या क्वार्टरला करू’, ‘टेन्शन घेऊ नकोस’. यात देणं असल्याची कबुली नाही, नुसती बोळवण आहे. तुम्ही पाठवलेल्या सव्वीस स्मरणपत्रांनीही मुदत एका दिवसाने वाढत नाही, आणि वकिलाच्या नोटिशीनेही नाही. नोटीस दिली म्हणजे घड्याळ थांबलं, ही समजूत इतकी पसरलेली आहे की दर महिन्याला तिच्यापायी बुडालेलं एखादं तरी प्रकरण माझ्या टेबलावर येतं.

मेलबद्दल दोन शंका निघतील. पहिली सहीची. ई-मेलमधली कबुली न्यायालयांनी मान्य केलेली आहे, त्यामुळे ही शंका मला फार मोठी वाटत नाही. दुसरी अधिकाराची: अकाउंट्सच्या प्रमुखाला कंपनीच्या वतीने देणं कबूल करण्याचा अधिकार होता का? कमिशनचे हिशेब आधीही त्यांच्याकडूनच येत होते, हे दाखवणारे जुने मेल शोधून ठेवा. मूळ मेल तुमच्या खात्यात आहे तसा राहू द्या, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुना फोन विकायचा विचार असेल तर थांबा.

तुमच्या वकिलांना आणखी एक गोष्ट सांगा. मुदत वरवर संपलेली दिसत असेल, तर ती कशामुळे वाढली हे दाव्यातच लिहावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ६ मध्ये तसं स्पष्ट आहे. मेल नुसता कागदपत्रांच्या यादीत टाकू नका, दाव्याच्या मजकुरात तारखेसकट मांडा. कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना तो स्वतःहून पाहावाच लागतो.

पॉलिसीतल्या दुसऱ्या एका अटीने तुम्ही घाबरला आहात: ‘कमिशनबाबत तक्रार पंधरा दिवसांत न केल्यास हक्क संपुष्टात येईल.’ ती विसरा. कायद्याने दिलेली मुदत करारातून कमी करणारी किंवा ठरावीक दिवसांनंतर हक्कच संपवणारी अट १९९७ च्या दुरुस्तीनंतर करार कायद्याच्या कलम २८ खाली रद्दबातल आहे. मात्र ‘कमिशन देताना कर्मचारी सेवेत असला पाहिजे’ ही अट वेगळ्या जातीची आहे. ती हक्क संपवत नाही, हक्क कधी निर्माण होतो हेच ठरवते, असं कंपनी म्हणेल. ऑर्डर तुम्ही आणली, काम पूर्ण केलंत, फक्त ग्राहकाचे पैसे राजीनाम्यानंतर आले, त्यामुळे हक्क जात नाही, असा तुमचा युक्तिवाद राहील. निकाल कुठेही लागू शकतो. तडजोडीची वेळ आली तर तिसऱ्या ऑर्डरचे १,२०,००० सोडायची तयारी ठेवा, पहिल्या दोन ऑर्डरचे पैसे नाहीत.

फुल अँड फायनलच्या ‘माझे काहीही येणे बाकी नाही’ या ओळीखाली तुम्ही न वाचता सही केलीत. साडेपाच लाख अडकलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. त्या कागदात कमिशनचा रकाना रिकामा आहे आणि सात महिन्यांनी अकाउंट्सच तिन्ही कमिशनं प्रलंबित असल्याचं लिहितात, एवढाच तुमचा बचाव आहे. तो बरा आहे, पण खात्री देता येणार नाही.

कामगार कार्यालयात गेलेले नऊ महिने मुदतीतून वजा होतील, या आशेवर राहू नका. तुमचा महिन्याचा पगार २४,००० रुपयांच्या वर असल्याने जुन्या वेतन प्रदान कायद्याखाली तुमचा अर्ज बसतच नव्हता. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नऊ महिने तारखा देत राहणं हा अन्यायच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात पगाराची ही कमाल मर्यादा नाही. पण तिथेही ‘वेतन’ या व्याख्येतून कमिशन वगळलेलं आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तरच वरचा भाग वेतन धरला जातो. २०२२-२३ च्या व्यवहाराला ती किती लागू पडेल, या वादात आणखी वर्ष घालवू नका. कंपनीला एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या कंपनी न्यायाधिकरणात, खेचण्याचा सल्लाही सोडून द्या, त्यासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते. तुमची वाट दिवाणी न्यायालयाची आहे आणि ती लांब आहे. म्हणूनच तिच्यावर उशिरा पाऊल टाकणं परवडत नाही.

मात्र नेमणूकपत्रात लवादाची, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याची, अट आहे का, ते आधी पाहा. असेल तर दाव्याऐवजी लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस द्यावी लागेल, आणि ती कंपनीला ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरलं जातं. साध्या नोटिशीला हे बळ नाही.

मॅनेजरच्या वागण्याबद्दल. ते वाचून मला संताप आला. वीस सहकाऱ्यांसमोर कुणाच्या आजारी वडिलांवरून बोलणं अक्षम्य आहे. पण नुसत्या आरडाओरड्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, आणि मानहानीच्या भरपाईच्या दाव्याची एक वर्षाची मुदत तुमच्या बाबतीत कधीच गेली. तो मजकूर या दाव्यात घालू नका. घातलात तर कंपनी प्रत्येक ओळ नाकारेल, प्रत्येक ओळीवर साक्षीदार येतील आणि तीन तारखांचा दावा वर्षानुवर्षं रेंगाळेल. राजीनाम्याच्या वेळी सही कशा दबावाखाली झाली, एवढ्यापुरते त्यातले दोन संदेश ठेवा.

नोटीस नव्याने लिहा, एका पानात. देय तारखा पॉलिसीच्या चौथ्या परिच्छेदाप्रमाणे, मार्च २०२४ च्या मेलचा उल्लेख, रक्कम, आणि नोटिशीच्या तारखेपासून व्याजाची स्पष्ट मागणी. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. दावा त्याच वेळी तयार ठेवा आणि मार्च २०२७ डोळ्यांपुढे न ठेवता एप्रिल २०२६ च्या आत दाखल करा, म्हणजे मेल टिकला नाही तरी दुसऱ्या ऑर्डरचे २,४०,००० आणि तिसरीचे १,२०,००० मुदतीत राहतील. ग्राहकांचे पैसे नेमके कोणत्या दिवशी जमा झाले याचा तुमच्याकडे फक्त तोंडी अंदाज आहे. तिन्ही ग्राहकांच्या खरेदी विभागाकडून ती तारीख या आठवड्यात लेखी मागवा.