विचारा बिनधास्त: कळंब ते समुद्र, सायकलवर, एकटीनं

प्रश्न: नमस्कार दादा. मी कळंबची, वय ३४. समुद्र आजवर एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत. दिवाळी झाली की आठ दिवस सुट्टी काढून सायकलवर एकटीच कोकणात जायचं ठरवायलेय, हायवे नको, गावागावातून आणि जमेल तिथं पाणंदीनं. गिअरची सायकल आहे, रोजचे २५-३० किमी होतात. घरचे म्हणायलेत येड लागलंय का हिला. कुठून जाऊ, किती दिवस लागतील आणि पंक्चरचं काय?

उत्तर: ताई, जावा की! फक्त समुद्राला जायचंय म्हणून उतार लागेल अशा भरवशावर निघू नका. आपलं पाणी, मांजरा घ्या, तेरणा घ्या, सीना घ्या, सगळं पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं जातंय आणि तुम्ही निघालाय पश्चिमेला. बालाघाट उतरून बार्शी, तिथून उजनीपर्यंत सोपं आहे, पण पुढं भोरपर्यंत नीरा नदीच्या उलट्या अंगानं जायचं, तो चढ डोळ्याला दिसत नाही, मांड्यांना कळतो. मग वरंध घाटात एवढे दिवस जमवलेलं सगळं तासाभरात खाली. वारा मात्र तुमच्या बाजूनं, पावसाळा सरला की तो पूर्वेकडनं वाहायला लागतो, जाताना पाठीवर. येताना तोच तोंडावर, म्हणून परतीला रेल्वेच बघा, कुर्डुवाडी-बार्शीवरून लातूर एक्सप्रेस आहेच, सायकल पार्सलमध्ये बुक करावी लागते तेवढं आधी विचारून ठेवा.

रस्ता असा धरा. कळंब-येरमाळा-बार्शी-कुर्डुवाडी पहिला मुक्काम, दुसरा बारामती, तिसरा भोर, चौथा महाड, पाचव्या दिवशी हरिहरेश्वर. चारशे-सव्वाचारशे किमी होतील. रोजचे तुमचे ३०, इथं एखाद्या दिवशी नव्वदच्या वर जातील, तर आत्तापासून दर रविवारी ६०-७० मारा. बारामतीहून नीरेकडं जाताना नीरा डावा कालवा सोबतीला असतो, ते मला सगळ्यात आवडलेलं, एकीकडं पाणी एकीकडं ऊस. ऊस म्हटला की ट्रॅक्टर आले, दोन-दोन ट्रॉल्या आणि मागं लाईटचा पत्ता नाही, त्यामुळं दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचंच. घरच्यांना रोज ठरलेल्या टायमाला फोन करा, दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज आपोआप खाली येतो (माझ्या आईचा तिसऱ्या दिवशी आला).

आता पंक्चर. पाणंदीचा खरा वैरी सराटा, पाऊस उघडला की वाळून खडखडीत होतो आणि कसाही पडला तरी एक काटा वर. मी एकदा बार्शीच्या अलीकडं बांधावर सावली बघून सायकल आडवी घातली, भाकरी खाल्ली, उठलो तर दोन्ही चाकं जमिनीला. पुढच्या टायरातनं अकरा सराटे काढले, नवी ट्यूब टाकली, दोन किलोमीटरवर परत फुस्स. काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं, बाहेरनं काही दिसत नव्हतं. तेव्हापासून टायर काढला की आतनं फडकं फिरवतो, जिथं धागा अडकतो तिथं काटा. दोन ट्यूब, पॅच, पंप सोबत पाहिजेतच, सीलंट (ट्यूबचं भोक आतनंच बुजवणारं पातळ रसायन) भरलं तर उत्तम. काळ्या रानात ओल असली तर पाणंदीत घुसूच नका, माती मडगार्डमध्ये अशी दाटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असंल तर उतरून चालत जा, दाण्यावर चाक घसरतं आणि शिव्या बसतात त्या वेगळ्या.

वरंधला दरडीमुळं रस्ता कधी कधी बंद ठेवतात, भोरमध्ये चौकशी करूनच पुढं निघा. वाघजाईच्या देवळापाशी चहा घ्या, ब्रेकचे पॅड बघा, मग उतरा, आणि सलग ब्रेक दाबून ठेवू नका, थांबून थांबून रिम गार होऊ द्या. महाडात चवदार तळ्यावर थोडं बसा, १९२७ चा सत्याग्रह झाला ते हेच तळं, घाईत तसंच पुढं गेलात तर हळहळ वाटंल.

हरिहरेश्वरला पोचल्यावर एक जपा. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकातनं जाते, भरतीला तिथं अजिबात जायचं नाही, लाटा माणूस ओढून नेतात. भरतीचा हिशोब कोळ्यांचा सोपा आहे, तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, उत्तर येईल त्या वाजायच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. कालनिर्णय घरी आहेच.

प्रश्न: किनाऱ्यावर वाळूत सायकल चालवली तर चालते का? (एक वाचक, परळी)

उत्तर: ओहोटीच्या ओल्या वाळूवर मस्त चालते, कोरड्यात रुतते. पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुऊन चेनला तेल द्या. मी आळस केला होता, सकाळी चेन तांबडी झालेली आणि पहिल्याच चढाला करकर करकर, आख्ख्या गावाला कळलं कोण चाललंय ते.