श्रवणदोष आणि करिअरची निवड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी दादरच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन्ही कानांना मशीन आहे आणि ते मी केसांखाली झाकून ठेवते. पुढच्या महिन्यात नोकरीच्या मुलाखती आहेत. श्रवणदोषाबद्दल आधी सांगावे की निवड झाल्यावर?

उत्तर : मुलाखतीची वेळ ठरत असतानाच सांगावे, असे माझे मत आहे. मात्र ‘मला श्रवणदोष आहे’ एवढेच लिहून थांबलात, तर पुढचे सारे समोरचा माणूस आपल्या कल्पनेने भरून काढतो आणि ती कल्पना बहुधा चुकीची असते. त्याऐवजी ‘मी श्रवणयंत्र वापरते, पहिली फेरी फोनऐवजी व्हिडिओ कॉलवर घ्यावी आणि प्रत्यक्ष मुलाखतीत बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी जागा मिळावी’ असे दोन ओळींत कळवा. साध्या फोनवर साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचतो. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी उंच पट्टीची व्यंजने अस्पष्ट होतात, शिवाय ओठही दिसत नाहीत. आपल्या मागणीमागचे असे कारण नेमके ठाऊक असले की मागताना संकोच वाटत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात सोयींचा तपशील देऊन संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. ते धोरण मागवून वाचा. उत्तर कसे येते, यावरूनच तिथल्या वातावरणाचा पुष्कळसा अंदाज येईल.

मला अधिक काळजी वाटते ती झाकण्याची. लपवणाऱ्या व्यक्तीला न कळलेले वाक्य पुन्हा विचारता येत नाही, म्हणून ती नुसती मान डोलावते, आणि चुकीच्या जागी डोलावलेली मान लोकांना बेफिकिरी वाटते. (मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या केसांखाली राहिलेल्या यंत्रात दमटपणा शिरून ते बिघडते, हेही लक्षात असू द्या.)

प्रश्न : मला एकाच कानाने ऐकू येत नाही. मला आरक्षण मिळेल का?

उत्तर : अधिनियमातली श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांची आहे : ऐकण्यात ६० ते ७० डेसिबल (आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक) ऱ्हास असल्यास अल्पश्रवण आणि ७० डेसिबल वा अधिक असल्यास बधिरत्व. दुसरा कान चांगला असेल, तर आरक्षण मिळणार नाही. तरीही वर्गात चांगला कान शिक्षकांकडे राहील अशी जागा जरूर मागा.

प्रश्न : आम्ही कल्याणला राहतो. मुलगा जन्मापासून कर्णबधिर असून विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला न्यायालयात उभे राहायचे आहे. आम्ही म्हणतो, आरक्षणातून बँकेची परीक्षा दे. आमचे चुकते का?

उत्तर : ताई, तुमची काळजी खरी आहे. सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असतात, त्यांपैकी १ टक्का कर्णबधिर आणि अल्पश्रवण व्यक्तींसाठी. तो मुलाचा हक्क आहे आणि ती वाट पुढेही खुली राहील. मात्र मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये ‘मी कोण’ ही स्वतःची ओळख घडण्याच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत एक अवस्था अशी आहे की, माणूस स्वतः शोध न घेताच घरच्यांनी ठरवलेली वाट पक्की करून टाकतो. श्रवणदोष असलेल्या मुलांच्या बाबतीत ही घाई मायेपोटीच होते. ‘याला हे झेपेल’ असे सगळे मिळून ठरवतात आणि ‘तुला काय आवडते’ हे विचारायचे राहून जाते. मग नोकरी मिळूनही ती आपली वाटत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत बाजू मांडली. प्रत्येक न्यायालयात अशी सोय सहज मिळेल, असे मी म्हणणार नाही. म्हणून सुट्टीत त्याला एखाद्या वकिलाकडे काम करू द्या. मसुदे लिहिणे, पक्षकारांशी बोलणे, सुनावणीला बसणे हे सारे तो स्वतः अनुभवू दे. कदाचित त्याला मसुदेलेखनच अधिक भावेल, कदाचित तो उभे राहण्यावरच ठाम राहील. शक्य झाल्यास श्रवणदोष असलेल्या एखाद्या कमावत्या माणसाशी त्याची भेट घडवून आणा. असा माणूस कधी पाहिलाच नसेल, तर स्वतःचे पुढचे आयुष्य डोळ्यांसमोर आणणे मुलाला जड जाते.

प्रश्न : मी रोज विरारहून चर्चगेटला कॉलेजला जाते. श्रवणयंत्र असूनही संध्याकाळी इतकी थकते की कोणाशी बोलावेसे वाटत नाही. घरचे आळशी म्हणतात.

उत्तर : हा आळस नव्हे. यंत्र आवाज मोठा करते, पण प्रत्येक शब्द स्पष्ट करून देत नाही. गोंगाटात सुटलेले शब्द मेंदूला ओठांवरून आणि संदर्भावरून जुळवावे लागतात. त्यात ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर सारखेच दिसतात. दिवसभर ही जुळवाजुळव केल्यावर थकवा येणारच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून पुढच्या बाकावर, पंख्यापासून दूर बसा. शिक्षकांच्या कॉलरला लावायचा आणि थेट यंत्राशी जोडला जाणारा मायक्रोफोन मिळतो. तो तुमच्या यंत्राला चालेल का, हे ऑडिऑलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) विचारा. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणी होते.

घरी आल्यावर अर्धा तास यंत्र काढून शांत बसा आणि ही वेळ घरच्यांना आधी सांगून ठेवा. झोप, भूक किंवा आवडत्या गोष्टींतला रस दोन आठवडे कमीच राहिला, तर समुपदेशकांची भेट घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, पण फोनवर ऐकणे अवघड जात असेल, तर महाविद्यालयातल्या समुपदेशकांशी समोरासमोर, गरज पडल्यास कागदावर लिहून, बोला.