पुतळी, दीनार आणि निष्क

प्रश्न असा आहे : ‘पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात रोमन नाणं, असं ऐकलं. खरं आहे का? आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातली रोमन नाणी ओवलेल्या माळेला पुतळ्यांची माळ म्हणता येईल का?’

पुतळी इटलीचीच, पण रोमची नव्हे, व्हेनिसची. व्हेनिसने 1284 पासून जो सोन्याचा डुकाट पाडला, त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला उभा येशू. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. तांबड्या समुद्राच्या वाटेने हे नाणं इकडे आलं, इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही केल्या. नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून पुतळी. आता सोनाराकडे मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते, पण नाव टिकलं. रोम आणि हा डुकाट यांच्यात हजारावर वर्षांचं अंतर आहे.

रोमन नाणी मात्र आपल्याकडे दागिना म्हणून वापरली जात होती, यात शंका नाही. दक्षिण भारतात सापडलेल्या ऑगस्टस, टायबेरियस या रोमन सम्राटांच्या काळापासूनच्या सोन्याच्या नाण्यांत भोकं पाडलेली बरीच आहेत. पुष्कळदा ही भोकं दोन, शेजारीशेजारी आणि सम्राटाच्या डोक्याच्या वर असतात. नाणं गळ्यात फिरू नये आणि चेहरा सरळ दिसावा, एवढा विचार त्यात दिसतो. मला तर नाण्यापेक्षा ती भोकं पाडणाऱ्या सोनाराचं कौतुक वाटतं. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी मातीची पदकंही होती : तेलंगणातल्या कोंडापूरला आणि ओडिशातल्या शिशुपालगडला रोमन नाण्यांच्या छापाची अशी भाजक्या मातीची पदकं मिळाली आहेत. उलट पुदुक्कोट्टईला 1898 मध्ये सापडलेल्या 501 सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. नाणी दागिना म्हणून घालण्याची हौस आपलीच होती असंही नाही. पोम्पोनियस हा दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित सांगतो, की रत्नांऐवजी वापरतात त्या जुन्या सोन्याचांदीच्या नाण्यांचा उपभोग मृत्युपत्राने देता येतो.

आता शब्दाकडे. रोमन ‘डेनारियस’वरून आपला ‘दीनार’ आला. गंमत अशी, की डेनारियस चांदीचा. सोन्याचं नाणं ते ऑरियस. गुप्तकाळापर्यंत आपल्याकडे दीनार म्हणजे सोन्याचंच नाणं झालं होतं. म्हणजे नाव चांदीच्या नाण्याचं आणि अर्थ सोन्याच्या नाण्याचा.

याहून मजेदार शब्द ‘निष्क’. ऋग्वेदात रुद्र ‘निष्कं यजतं विश्वरूपम्’ धारण करतो. तिथे निष्क म्हणजे गळ्यातला अलंकार. ‘निष्कग्रीव’, म्हणजे गळ्यात निष्क असलेला, हाही शब्द तिथेच आहे. पुढे तोच शब्द सोन्याच्या वजनाला आणि नाण्याला लागला. अमरकोशात त्याचे अर्थ एका दमात दिले आहेत : ‘साष्टे शते सुवर्णानां हेम्न्युरोभूषणे पले । दीनारेऽपि च निष्कोऽस्त्री’. एकशे आठ सुवर्ण (सुवर्ण हे सोन्याचं एक वजन), नुसतं सोनं, उरावरचं भूषण, पल (हेही एक वजन) आणि दीनारही. भूषण आणि परदेशातून आलेलं नाण्याचं नाव एकाच शब्दाखाली! पुतळीचा प्रवास याच्या उलटा : आधी नाणं, मग दागिना.

तेव्हा रोमन नाण्यांच्या माळेला ‘पुतळ्यांची माळ’ म्हणू नका; वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पेशवाईतली बाई उभी राहील. ‘दीनारांची माळ’ कानाला गोड लागते, पण नाणी सोन्याची असतील तर ते रोमच्या हिशेबाने चूक. साधं ‘रोमन सुवर्णनाण्यांची माळ’ लिहा. कथाकादंबरीत पात्र सातवाहनकाळातलं असेल, तर त्याच्या तोंडी ‘निष्क’ खुशाल घाला.