टाकीत भुकटी भरली, तर गॅस जास्त कसा मावेल?

प्रश्न : मी रत्नागिरी–गणपतीपुळे मार्गावर सीएनजी गाडी चालवतो. टाकीनेच डिकी भरते, गणपतीत चाकरमान्यांच्या बॅगा टपावर बांधाव्या लागतात. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले सच्छिद्र पदार्थ टाकीत भरले तर जास्त गॅस मावतो, असं माझी बारावीतली मुलगी म्हणते. पण भुकटी घातली की जागा कमी नाही का होणार? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, तुमची शंका रास्त आहे आणि लेकीचं म्हणणंही खरं आहे.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन वायू. भुकटी नसलेल्या टाकीत मिथेनचे रेणू एकमेकांपासून लांब लांब धावत असतात. त्यांना जवळ आणायला पंपावर सुमारे २०० बार दाब (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) द्यावा लागतो, म्हणून टाकी एवढी जाड आणि जड. दाभोळला जहाजाने येणारा गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला असतो. ती दुसरी तऱ्हा. तिसरी तऱ्हा भिंतींची. रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाशी आला की त्याला हलकी ओढ लागते, तो तिथे रेंगाळतो, शेजारी आणखी येतात. भिंतीलगत गॅस खूप दाट होतो. भुकटीने खाल्लेली जागा ही दाटी भरून काढते, वर नफाही देते. फक्त भिंती अफाट हव्यात.

अशा भिंती आपल्या करवंटीच्या कोळशातही असतात. तो वाफेवर तापवून सक्रिय केला की त्यात सूक्ष्म छिद्रं पडतात. पाण्याच्या फिल्टरमध्ये तोच असतो. पण छिद्र नेमकं केवढं पडावं, हे तिथे पुरतं आपल्या हाती नाही. नोबेल मिळालं ते छिद्राचं माप ठरवून घडवण्याच्या कामाला : धातूचे अणू आणि सेंद्रिय म्हणजे कार्बनचे रेणू जोडून केलेल्या पोकळ स्फटिकांना. त्यांनाच ‘मॉफ’ म्हणतात. मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांना भोकं पाडून रेणूंची मॉडेलं करवून घेत होते, त्यातून त्यांना सुचलं की खरे अणूही असेच ठरवून जोडता येतील. रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही गोष्ट मला फार प्रिय आहे. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन (विद्युतभार असलेले अणू) आणि चार हातांचा सेंद्रिय रेणू जोडून पोकळ स्फटिक घडवला, पण तो टिकाऊ नव्हता. १९९७ मध्ये जपानच्या सुसुमु कितागावांनी अशा स्फटिकात मिथेन आत घेऊन पुन्हा सोडून दाखवला. १९९९ मध्ये ओमर याघींचा मॉफ-५ आला : जस्त-ऑक्सिजनचे पुंजके कोपऱ्यांवर आणि मधल्या कांड्या टेरेफ्थॅलिक आम्लाच्या, पॉलिएस्टर ज्यापासून बनतं त्याच्या. कांडी लांब घ्या, स्फटिकातली पोकळी, म्हणजे रेणूंची राहायची खोली, मोठी होते. याच्या काही ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग असतो.

मग अडतं कुठे? नुसता साठवून भागत नाही, इंजिनाला गॅस परतही मिळायला हवा. मिथेनचा रेणू सुमारे ०.३८ नॅनोमीटरचा. खोली फार अरुंद असली तर तो इतका घट्ट धरला जातो की दाब उतरला तरी बराच गॅस आतच राहतो. खोली फार मोठी, तर मधली जागा वाया. म्हणून मॉफ निवडताना मी एकूण किती मावतो याला महत्त्व देणार नाही. ६५ बारपासून ५ बारपर्यंत उतरताना किती हाती येतो, ते पाहीन. हाँगकाँगमध्ये घडवलेला तांब्याचा मॉफ एचकेयूएसटी-१ घ्या : ६५ बारला तो आपल्या आकारमानाच्या सुमारे २६७ पट मिथेन (साध्या हवेच्या दाबाला मोजलेला) धरतो, म्हणजे भुकटी नसलेल्या २५० बारच्या टाकीइतका. त्यातला वापरता येतो सुमारे १९० पट. हा हिशेबही सलग स्फटिकाचा. भुकटी टाकीत भरताना कणांमध्ये फटी राहतात, आकडा आणखी उतरतो.

शिवाय गॅस चिकटताना उष्णता बाहेर पडते, भरताना टाकी तापते आणि तापलेल्या भिंतीवर कमी रेणू टिकतात. आणि आपल्या किनाऱ्यावर दमट हवा! मॉफ-५ ओलाव्याने ढासळतो. झिर्कोनियमचे काही मॉफ पाण्यालाही दाद देत नाहीत, पण मिथेनच्या बाबतीत वेगळी पारख करावी लागते.

तेव्हा येत्या गणपतीला बॅगा टपावरच बांधाव्या लागतील. मात्र खरा फायदा जागेहून दाबाचा आहे, हे लेकीला जरूर सांगा : ६५ बारला टाकी पातळ पत्र्याची आणि चपटी करता येते, सीटखाली बसवता येते. तोवर आहे त्या टाकीत कोणी काही भरून देतो म्हणालं तर ऐकू नका, आणि दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकीची पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, चुकवू नका.