पुठ्ठ्याची खुर्ची आणि जेईईचा क्लास

पत्र थोडक्यात: मुलगा अकरावी सायन्सला. जळगावात खोली करून जेईईचा क्लास लावला आहे. चाचणीत फिजिक्सला 50 पैकी 21. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक न उघडता केळीच्या खोक्यांची खुर्ची बनवली, मग तिचं चित्र काढत बसला. मी ती खुर्ची बंबात घातली. तेव्हापासून बोलत नाही. चित्रकलेनं पोट भरतं का? हे वेड सोडवायचं कसं? चित्राचा फोटो पाठवत आहे. – एक पालक, रावेर तालुका

भाऊ,

21 मार्कांची मला काळजी नाही, ते वाढतील. 'बंबात घातली' हे मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पोरानं स्वतःच्या डोक्यातून काहीतरी उभं केलं आणि बापानं ते पाणी तापवायला जाळलं. तो बोलत नाही यात नवल काय? केळीच्या भावाचा भरवसा नाही, एका वादळात अख्खी बाग आडवी होते, म्हणून पोराच्या हाताला पक्कं काम हवं ही तुमची तळमळ मला कळते. पण ती भीती तुमची आहे, तिचा राग त्याच्या वस्तूवर काढायचा नव्हता. तुम्ही चूक केलीत, आणि हे त्याला तुमच्याच तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. त्याच्या आईकरवी निरोप नको.

चित्र मात्र तुम्ही ठेवलंत, मला पाठवलंतही. त्यात काहीतरी आहे असं तुम्हालाही वाटलं असणार. आहेच. खुर्चीचा कोपरा आपल्याकडे ठेवून दोन बिंदूंचं पर्स्पेक्टिव्ह (कागदावर जवळचं-लांबचं दाखवायची पद्धत) घेतलंय. दोन्ही बाजूंच्या रेषा डोळ्याच्या उंचीवरच्या क्षितिजरेषेवर एकेका बिंदूत जाऊन मिळतात. हे दोन्ही बिंदू त्यानं कागदातच बसवले, म्हणून बैठक ताणलेली दिसते आणि पुढचा कोपरा टोकदार झालाय. बाजूंना आणखी कागद चिकटवून बिंदू लांब नेले की ते सुधारेल. आता बाजूच्या फळीची कड बघा. वरच्या कापलेल्या कडेला पुठ्ठ्याच्या लाटा आहेत, उभ्या कडेला नुसत्या सरळ रेषा. म्हणजे आतल्या नळ्या त्यानं उभ्या ठेवल्या. पुठ्ठा उभ्या नळ्यांवर वजन पेलतो, आडव्या ठेवल्या की दबतो. तुमच्या केळीच्या पेट्या एकावर एक रचल्या तरी दबत नाहीत, त्यामागे हेच आहे. फिजिक्स त्याला येतं, भाऊ. पेपरात का उतरत नाही, ते क्लासच्या सरांना विचारा.

राहिला 'चित्रकलेनं पोट भरतं का' हा प्रश्न. डिझाइन म्हणजे चित्रकला, आणि ती सायन्स न झेपणाऱ्यांसाठी, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो साफ चुकीचा आहे. डिझायनर वस्तू ठरवतो: वजन कुठे पडेल, किती माल लागेल, बसणाऱ्याची पाठ कुठे टेकेल. चित्र हे त्याचं विचार करायचं आणि दुसऱ्याला पटवायचं साधन. फ्रँक गेहरी या आर्किटेक्टनं 1972 मध्ये अशाच पुठ्ठ्याचे थर उलटसुलट दिशेनं चिकटवून नागमोडी खुर्ची केली. जगातल्या नामांकित खुर्च्यांत तिची गणना होते. तुमच्या मुलानं केलं ते त्याच जातीचं काम आहे, कच्चं असलं तरी.

वाटा आणि त्यांच्या प्रवेश परीक्षा थोडक्यात: आयआयटीच्या बी.डिझाइनला यूसीड, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेला डॅट, आर्किटेक्चरला नाटा किंवा जेईईचा पेपर दोन. यूसीडला बारावीची कोणतीही शाखा चालते. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि गणित लागतंच, तेव्हा रागाच्या भरात सायन्स सोडवू नका.

पण एवढ्यात एकही फॉर्म भरू नका, डिझाइनचा नवा क्लासही लावू नका. नाहीतर एक ओझं उतरवून दुसरं चढवाल. आधी त्याला थोडे पुठ्ठे, कटर आणि फेविकॉल आणून द्या आणि तो काम करताना शेजारी बसा. शिकवू नका, विचारा: ही पट्टी इथे का लावलीस? जेईई करायची की नाही, तेही त्यालाच विचारा, आणि 'नाही' म्हणाला तर ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच विचारा.

यापुढचं पत्र मला त्याच्या हातचं हवं. खुर्चीवर पहिल्यांदा बसल्यावर ती कुठे दबली आणि त्यानं मग काय बदललं, एवढं त्याला लिहायला सांगा. नवं चित्र असेल तर तेही जोडू द्या.